दोघांचं बुकिंग

बाबा गेल्यावर त्यांच्या नावावरची एकेक गोष्ट बंद करण्याचं काम फौजदाराकडे आलं. फौजदार म्हणजे घरातली थोरली मुलगी. हे नाव बाबांनीच ठेवलं होतं. फ्रिजमधलं चॉकलेट कुणी पळवलं हे ती लहानपणी धाकट्या भावाला जीभ बाहेर काढायला लावून सांगायची, तेव्हापासूनचं. पुढे ती विमा कंपनीत दावे तपासायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "इतकी वर्षं फुकट करत होतीस, आता पगार घेऊन कर."

तिचं कामच संशय घेण्याचं. नळ फुटून गालिचा भिजला म्हणून कुणी भरपाई मागितली की ती त्या घरी जायची आणि गालिच्याआधी बादली बघायची. गॅस, बँक, टेलिफोन ही बाबांची कामं तिने त्याच कोरड्या डोळ्यांनी उरकली. शेवटी राहिलं ते क्रेडिट कार्ड, आणि त्याला जोडलेलं हॉटेलचं सदस्यत्व.

बाबा लिफ्ट तपासायचे. उभी नोकरी त्यांनी गावोगावच्या इमारतींमध्ये वरखाली करण्यात घालवली. कंपनी त्यांना एकाच साखळीतल्या हॉटेलांत उतरवायची. मुक्कामाचे पॉइंट मिळायचे, आणि त्याच हॉटेलवाल्यांचं कार्ड घेतल्यापासून प्रत्येक खरेदीचेही. मग काय, घरात दुधाच्या पिशवीपासून आईच्या चष्म्यापर्यंत सगळं त्या कार्डावर यायला लागलं. "दूध घेतलं की समुद्र एक घोट जवळ येतो," असं ते म्हणायचे. समुद्रासमोरची खोली, गच्चीवाली, आईला घेऊन, आणि फुकट. 'फुकट' म्हणताना ते असे डोळे मिटायचे की जणू काही गोड तोंडात विरघळतंय.

"बाबा, फुकट काही नसतं. त्या कार्डाची वर्षाची फी कोण भरतं?"

"फौजदार, तू जेव."

समुद्रावर ते कधी गेलेच नाहीत. हॉटेलातून घरी आलं ते एवढंच: छोटे साबण, बोटाएवढ्या जॅमच्या बाटल्या आणि अंघोळीच्या प्लास्टिकच्या टोप्या. त्या टोप्या आई फ्रिजमधल्या भांड्यांवर घालायची. उरलेली आमटी, भात, सगळे टोपी घालून बसलेले.

त्यांच्या मोबाइलवर तिने हॉटेलचं अॅप उघडलं, ते सदस्यत्व बंद करायला. वर सोनेरी सदस्यत्वाची पट्टी होती. पॉइंट चिक्कार होते. आणि खाली मुक्कामांची यादी होती. ती सहज खाली सरकवत गेली आणि थांबली. निवृत्तीला किती वर्षं झाली होती, तरी यादी थेट या हिवाळ्यापर्यंत आली होती. दर वर्षअखेरीला काही रात्री, एकाच हॉटेलात. हॉटेल परगावचं नव्हतं. याच शहरातलं, पार दुसऱ्या टोकाला, बायपासला लागून, फरशांच्या दुकानांच्या रांगेतलं.

प्रत्येक नोंदीपुढे पाहुणे: दोन.

ती वेगळ्या घरात राहायची. रविवारी फोन, महिन्यातून एकदोनदा जेवायला जाणं. त्यांच्या रात्री कशा जातात हे तिला कुठून ठाऊक असणार? मग तिला एक फोन आठवला. बाबांचा आवाज घुमत होता म्हणून तिने विचारलं होतं, कुठे आहात. "जिन्यात," ते म्हणाले होते. तेव्हा तिने सोडून दिलं होतं. अनोळखी माणसाचं तिने सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती आईकडे गेली. आई टेबलाशी मटार सोलत होती.

"आई, निवृत्तीनंतर बाबा रात्रीचे कधी बाहेर राहायचे का?"

"कुठे राहणार? स्वतःच्या उशीशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही त्यांचा."

आईने मान वर केली नाही. शेंगा सोलणारा हात मात्र एकदा थांबून पुन्हा चालू झाला. अशी थांबणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. आईला ठाऊक होतं की नव्हतं, आणि ठाऊक असून ती पोटात घालून बसली होती की काय, हे मात्र त्या हातावरून कळेना.

धाकट्याला तिने फोन केला. तो दूरच्या शहरात असायचा आणि कुठल्याही गोष्टीचा तळ न गाठता सुखाने जगायचा.

"ताई, पॉइंट आहेत ना? मग आईला ने की समुद्रावर. बाबांचं राहिलंय ते होईल."

"त्याआधी मला एक बघायचंय."

"काय बघायचंय?"

"आहे एक."

"हे बघ, गेलेल्या माणसाचा जबाब घेता येत नाही," तो म्हणाला. तिने फोन ठेवला.

पण त्याच्या बोलण्यातलं एक तिला लागलं. आईला त्या समुद्रासमोरच्या खोलीत न्यायचं तर बाबांच्याच पॉइंटांवर न्यायचं. आणि ते पॉइंट बाबांनी आईला फसवत गोळा केले असतील, तर त्या गच्चीत आईशेजारी बसायचं कोणत्या तोंडाने? सदस्यत्व बंद करायच्या आत हा निकाल लागायला हवा होता. तिने बाबांच्या खात्यातून बायपासच्या हॉटेलात एक रात्र घेतली. येणारी व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव टाकलं. पाहुणे किती, हा रकाना बाबांच्या सवयीने आधीच भरलेला होता. तो तिने तसाच ठेवला. आईला सांगितलं, ऑफिसच्या कामाने बाहेर आहे.

हॉटेलचा दर्शनी भाग नुकताच रंगवलेला होता, आणि बाजूने गेलं की जुना रंग दिसायचा. काउंटरवर चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला एक पोक्त माणूस होता. त्याने पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"साहेबांच्या खात्यावरून आलात. लिफ्टपासून लांबची खोली देतो. तशीच लागते ना त्यांना? म्हणतात, लिफ्टचा आवाज ऐकला की उठून दुरुस्त करावीशी वाटते." मग जरा थांबून म्हणाला, "बरे आहेत ना?"

"बरे आहेत," ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो ते तिला कळलं नाही.

"आणि बाई?"

"कुठल्या बाई?"

"सकाळी येतात त्या." त्याने चावीचं कार्ड पुढे सरकवलं. "नाश्ता दोघांना आहे. साडेदहापर्यंत."

खोली नीटनेटकी होती. पलंग, त्यावर ताणून घातलेली चादर, दोन उशा, खिडकीबाहेर फरशीवाल्याचा दिव्यांचा फलक. तिने कपाटाची दारं उघडली, खणात हात घालून पाहिला. काय शोधतोय हे तिलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात टॉवेल घेऊन एक बाई आली, सफाईकडची, पन्नाशीची.

"मावशी, इथे एक म्हातारे गृहस्थ उतरायचे. लिफ्टवाले."

"साहेब होय. त्यांची खोली आवरायची म्हणजे काही कष्टच नाहीत. टेबलावर वस्तू नाही, टोपलीत कचरा नाही. एक टॉवेल ओला." ती हसली. "आणि दोन उशा दबलेल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. सारख्या."

मावशी गेल्यावर ती खुर्चीत बसली. पलंगाकडे बघवेना. शेवटी कडेला अंग टाकलं, भिंतीकडच्या उशीला धक्का न लावता. लांबून लिफ्ट वर जाताना ऐकू येत होती. मधेच कुठेतरी ती कुरकुरायची, आणि प्रत्येक वेळी हिला वाटायचं, बाबांना हे ऐकू आलं असणार.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी नाश्त्याच्या खोलीत जाऊन दाराकडे तोंड करून बसली. ती बाई येणार नव्हती. ज्याच्यासाठी यायची तोच नव्हता. तरी कामाची सवय अशी की जागा सोडवेना. वाढपी कॉफी ओतून गेला. दोन फिरते विक्रेते अंडी खाता खाता कुणा साहेबाला नावं ठेवत होते. ब्रेड भाजायच्या यंत्रातून एकेक काप टपकत होता.

आणि दारातून आई आत आली.

आईने बाहेर जायचे चांगले बूट घातले होते. केस नीट विंचरलेले, हातात पर्स. तिने सवयीने खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. ते रिकामं होतं. मग तिची नजर सगळ्या खोलीवरून फिरत लेकीवर येऊन थांबली. चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं, आणि त्या जागी नेहमीची आई आली.

"तू होय," आई म्हणाली.

"आई, तू इथे कशी?"

आईने खुर्ची ओढली, बसली आणि पर्समधून आपला मोबाइल काढून तिच्यासमोर ठेवला. हॉटेलचा संदेश होता. वर बाबांचं नाव, आणि खाली: आपलं पुन्हा स्वागत आहे, आपली खोली तयार आहे.

"ह्यांचा नंबर कंपनीचा होता. नोकरीबरोबर तो गेला, तेव्हा खात्यावर माझा घातला होता. काल संध्याकाळी आला हा." आईने टेबलावरचा रुमाल उलगडून मांडीवर पसरला. त्याच्या कडा जुळवल्या. "जावं की न जावं करत बसले होते. मग म्हटलं, नाश्ता साडेदहापर्यंतच असतो."

वाढप्याने आईला न विचारता कॉफी आणि दोन जॅमच्या बाटल्या आणून ठेवल्या. आईने एक बाटली उघडली आणि दुसरी पर्समध्ये टाकली.

"म्हणजे सकाळची बाई तू?"

"मग कोण असणार?"

"आणि रात्री?"

"रात्री कुणी नाही." आईने ब्रेडला जॅम लावायला घेतला. "वर्षाला ठरलेल्या रात्री भरल्या नाहीत तर सोनेरीचं चांदी होतं. आणि चांदीवाल्यांना समुद्राची खोली नाही. त्यांना मागची, गाड्या लावतात तिकडची. निवृत्तीनंतर रात्री भरणार कुठून? मग ह्यांनी हे हॉटेल शोधलं. सगळ्यात स्वस्त. संध्याकाळी यायचे, चावी घ्यायचे, नळ सोडायचे, एक टॉवेल भिजवायचे, आणि बसने घरी झोपायला. सकाळी मला घेऊन पुन्हा इथे."

"पण उशा? दोन्ही उशा दबलेल्या असायच्या म्हणे."

"बुक्के मारायचे उशांना." आईने मूठ वळून दाखवली. "पलंगावर कुणी झोपलं नाही तर ती रात्र धरत नाहीत, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. बुकिंग दोघांचं, म्हणून दोन उशा. मी म्हटलं, अहो, कोण बघायला येतंय? तर म्हणाले, आपल्या फौजदारासारखं कुणीतरी असतंच."

बाजूच्या टेबलावर विक्रेते उठले. खुर्च्या सरकल्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"ह्यांनीच बजावलं होतं. म्हणे, ती हिशेब मांडेल आणि माझा समुद्र आटवेल." आईने घास घेतला, सावकाश खाल्ला. मग तिने लेकीकडे नीट पाहिलं. "तू इथे कशाला आलीस पण? तुला काय वाटलं होतं?"

ती कपातल्या कॉफीकडे बघत राहिली. तेवढ्यावरून आईला समजलं. आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग खांदे हलायला लागले. बाबा गेल्यापासून आई हसली नव्हती. आता रुमाल तोंडाला लावून ती हसली.

"ह्यांना? बाई?" तिने डोळे पुसले. "अगं, पहिल्याच भेटीत त्यांनी तिला पॉइंट समजावून सांगितले असते. पळत सुटली असती बिचारी."

आता फौजदारालाही हसू फुटलं, आणि त्याबरोबर दुसरंही काही बाहेर पडायला लागलं. आईने तिच्यापुढे रुमाल सरकवला आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली.

"मग समुद्रावर गेला का नाहीत?" जरा वेळाने तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. तीन रात्री होताहेत, आणखी थांबलो तर चार होतील. असंच." आईने कप दोन्ही हातांत धरला. "मला खरं तर इथलंच बरं वाटायचं. न मागता कुणीतरी कॉफी आणून देतं."

तेवढ्यात आईचा मोबाइल वाजला. आईने तो लांब धरून वाचला, मग तिच्या हातात दिला. कालची रात्र जमा झाली होती. बाबा पुढच्या वर्षासाठीही सोनेरी सदस्य राहिले होते, अभिनंदन.

"एक रात्र कमी पडत होती त्यांना," आई म्हणाली. "महिनाअखेरीला जाऊन येतो म्हणाले होते."

"आई, ते गेल्याचं कळवावं लागेल. पॉइंट तुझ्या नावावर होतील. सोनेरी राहणार नाही."

"कळव की. समुद्रावरून आल्यावर."

"हे नियमात बसत नाही."

"चार रात्री घे," आई म्हणाली. "आणि खोली लिफ्टपासून लांबची सांग."

बॅग आणायला दोघी वर गेल्या. लिफ्ट मधेच कुरकुरली. आईने छताकडे पाहिलं. खोलीत पलंगाची एक बाजू विस्कटलेली होती. भिंतीकडची उशी होती तशी, फुगलेली, गुळगुळीत. आई तिच्यापाशी जाऊन क्षणभर उभी राहिली. मग तिने पर्स खाली ठेवली, मूठ वळली आणि उशीच्या मधोमध एक बुक्का मारला. मागे सरून पाहिलं आणि जरा डावीकडे आणखी एक.

"दोघांचं बुकिंग आहे ना?" ती म्हणाली.

फौजदार न्हाणीघरात गेली. दांडीवर एक टॉवेल कोरडा, घडी न मोडलेला लटकत होता. तिने नळ सोडला आणि तो टॉवेल पाण्याखाली धरला.