केन्याची तिसरी पाकळी

अभिमनच्या तळहातावरचं निळं फूल अजून मिटलं नव्हतं. शेतातून फडक्यात बांधून आणलेली केन्याची भाजी ओट्यावर निवडता निवडता झुलालचे हात थांबले होते. त्याची लेक प्रमिला पत्र्याच्या पेटीवर बसून पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. आणि अभिमनला — जळगावच्या कॉलेजात बारा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या काकाला — पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या भिंतींत आपलाच वर्गातला आवाज अजून घुमताना ऐकू येत होता.

पोरीनं साधं विचारलं होतं, केन्याला पुस्तकात काय म्हणतात. कोमेलिना, त्यानं सांगितलं; तिथंच थांबला असता तर... पण सत्त्याऐंशीच्या बॅचपर्यंत दरवर्षी वर्ग या गोष्टीवर हसत आला होता. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते हॉलंडातल्या एकाच घरातले तीन कोमेलिन. दोघे थोर जाणकार, म्हणून या दोन ठसठशीत पाकळ्या. आणि ही खालची, फिकट, असून नसल्यासारखी — ती तिसऱ्याची, ज्याच्या हातून काहीच झालं नाही.

तेही तिघे भाऊच. धुळ्याला वकिली करणारा पंडितभाऊ, इथं तो स्वतः... आणि पारोळ्याच्या शेतात, दोघं शिकावेत म्हणून सातवीतच दप्तर खुंटीला टांगलेला झुलाल. हे आधी कसं ध्यानात आलं नाही? की आलं होतं, आणि जिभेला तेच हवं होतं?

झुलाल लेकीला कॉलेजासाठी इथं ठेवायला आला होता. पेटी अजून उंबऱ्याबाहेरच होती.

"नाना," झुलाल अभिमनला म्हणाला, "तिसरा भाऊनं मंग काय झायं?"

लवकर वारला म्हणे — हे अभिमनच्या ओठांवर येऊन अडलं. त्याऐवजी आठवली लहानपणची ती निंदणी... कपाशीच्या ओळीत दोघं उकिडवे, आपण केना वरवर ओरबाडतोय आणि दहा वर्षांचा झुलाल खुरप्यानं मुळाशी जातोय, तिथल्या पांढुरक्या कळ्या दाखवत म्हणतोय, "नाना, हाऊ मातीमाबी फुलस." आपण हसलो होतो, मातीत कुठं फुलं येतात. पुढं पुस्तकात ते वाचलं, दरवर्षी शिकवलं — न उमलताच बी धरणारी भूमिगत फुलं — पण ती पहिल्यांदा कुणी दाखवली, ते एकाही वर्गाला सांगितलं नाही.

आता सांगावं... तर ते समजूत घातल्यासारखं वाजेल.

"पेटी आत घे, झुलाल," तो म्हणाला. "पोर राहील ना इथं?"

प्रमिला उठून उभी राहिली. एक हात पेटीच्या कडीला, नजर बापाकडं. तळहातावर फूल मिटू लागलं होतं, आणि त्यातली कुठली पाकळी आपली, हे अभिमनला आता खात्रीनं सांगता आलं नसतं. झुलालनं मांडीवरची पानं झटकली, आणि पेटीला हात न लावता तो एकटाच फाटकाकडं चालू लागला.