सगळ्या काठ्या पूर्ण

मी एक जुनी बांबूची काठी आहे. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका घरात, दाराआडच्या कोपऱ्यात मी उभी असते. कुणाला वाटतं मी कुत्री हाकलायची, कुणाला वाटतं जाळी काढायची. मला मनातून राग येतो. अहो, मी डोंगर चढलेली काठी आहे! पण इथे ऐकायला वेळ कुणाला? म्हणून मित्रांनो, आज तुम्हालाच माझी कहाणी सांगते. ती फार सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मेळघाटात, सेमाडोहजवळच्या बांबूच्या बेटात मी वाढले. एका कारागिराने मला तोडले तेव्हा मी खूप रडले. पण त्याने मला विस्तवावर शेकून सरळ केले, तेल चोळले, खाली लोखंडी टोपी बसवली आणि मग माझी मलाच ऐट वाटू लागली. रस्त्याच्या कडेला आम्ही बऱ्याच जणी विकायला उभ्या होतो. महादेवराव गाडीतून उतरले. त्यांनी बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. मला उचलून जमिनीवर आपटून पाहिले आणि म्हणाले, "हे मजबूत आहे. हे आपल्याले जलमभर पुरते."

महादेवराव मूळचे तिवशाचे, शेतकरी घरातले. राजापेठेत त्यांचे कापडाचे लहानसे दुकान होते. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा त्यांचा एक कंपू होता. दर हिवाळ्यात हा कंपू मेळघाटातला एक उंच डोंगर चढायचा. वर पोचले की सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि संत्र्यांवर ताव मारायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचे. महादेवराव माझ्या मुठीवर हात ठेवून चढत. तो हात मला इतका सवयीचा झाला होता की, तो नसला की मला उघडे-उघडे वाटे.

आता या मंडळींची रीत ऐका. खाली उतरल्यावर कुणी चहाला पळे, कुणी फोटो काढे, कुणी गाडीत जाऊन घोरत पडे. डोकी मोजता मोजता वकील गोपाळकृष्ण, म्हणजे कंपूचे म्होरके, अगदी मेटाकुटीला येत. तेव्हा महादेवरावांनीच तोड काढली. "वकीलसाहेब, माणसं एका जागी उभे नाही राहत. काठ्या राहतात. जो उतरला त्यानं आपली काठी या मोहाले टेकवायची. तुमी काठ्या मोजा." सगळ्यांना ही युक्ती पसंत पडली. तेव्हापासून पायथ्याच्या मोहाच्या झाडाला आम्ही ओळीने टेकून उभ्या राहत असू. गोपाळकृष्ण आम्हाला मोजून "सगळ्या काठ्या पूर्ण!" अशी आरोळी देत आणि मगच गाड्या सुटत. मला या कामाचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

गेल्या पौषातली गोष्ट. त्या दिवशी थंडी अशी होती की वरच्या गवतावर दुपारपर्यंत दव तसेच होते. माथ्यावर जेवणे झाली, हसणे-खिदळणे झाले. उतरताना गोपाळकृष्णांची मुलगी देवश्री हिचा पाय मुरगळला. वडील बरेच पुढे निघून गेले होते. मागे फक्त महादेवराव होते. एका काठीवर तिला पाय टाकवेना, तसे त्यांनी मला तिच्या दुसऱ्या हातात दिले.

"नको काका, तुम्हाला लागेल ना," ती म्हणाली.

"मले काय होते? हा डोंगर मी डोये मिटून उतरतो. तू घे वो माय. जाय हयूहयू. मी येऊनच राहिलो मांगून."

मित्रांनो, त्यांचा गुडघा किती दुखायचा, हे फक्त मला ठाऊक होते. देवश्रीने बऱ्याच खाली आल्यावर मागे वळून पाहिले. ते एका दगडावर बसले होते. त्यांनी हात हलवून तिला 'हो पुढे' अशी खूण केली.

ती खाली पोचली तेव्हा वेदनेने रडवेली झाली होती. वडिलांनी धावत येऊन तिला आधार दिला, दोन्ही काठ्या घेतल्या आणि गडबडीत मोहाला टेकवल्या. तिला गोळी दिली, गाडीत निजवले. मग परत येऊन त्यांनी आम्हाला मोजले. आम्ही सगळ्या होतो.

"सगळ्या काठ्या पूर्ण!"

मी पूर्ण नव्हते हो! माझा माणूस वर होता. पण लाकडाला कुठले तोंड? आमची मोळी बांधून गाडीच्या टपावर टाकली आणि गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीतल्यांना वाटले महादेवराव मागच्या गाडीत आहेत. मागच्यांना वाटले पुढच्या. घाटाच्या प्रत्येक वळणावर मी जीव तोडून दोर ओढत होते.

परतवाड्याला गाड्या चहाला थांबल्या तेव्हा अंधार पडला होता. गोपाळकृष्णांचा फोन वाजला. महादेवरावांच्या पत्नी, इंदूबाई बोलत होत्या. "वकीलसाहेब, ह्यायचा फोन लागून नाही राह्यला. तुमच्यासंगंच आहेत ना?"

"आहेत ना वहिनी, मागच्या गाडीत आहेत," ते म्हणाले आणि मागच्या गाडीपाशी गेले. तिथे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गलक्याने देवश्री जागी झाली. आमच्या मोळीकडे पाहून ती कशीबशी बोलली, "बाबा, काकांची काठी माझ्याकडे होती."

गोपाळकृष्णांनी लगेच वनखात्याला फोन लावला.

गाड्या परत फिरल्या. वनरक्षक आणि गावकरी कंदील-बॅटऱ्या घेऊन रात्रभर हाका मारत हिंडले. ओ आली नाही. उजाडल्यावर आपापल्या काठ्या घेतलेल्या मंडळींबरोबर गोपाळकृष्ण स्वतः निघाले, तेव्हा देवश्रीने मोळीतून मला ओढून काढले. "बाबा, ही घेऊन जा. काकांना उतरायला लागेल."

मी मोठ्या आशेने वर गेले. मुठीवर तो ओळखीचा हात कधी पडतो, असे मला झाले होते.

ते वाटेच्या खाली, एका घसरणीला, साजाच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेले सापडले. पाय मोडला होता. मफलर कानांवरून घट्ट बांधला होता आणि अंग थंडगार पडले होते. तिथून पायथ्याचा मोह स्पष्ट दिसत होता. म्हणजे आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला ओळीने उभे राहिलेले पाहिले होते, आमची मोळी बांधताना पाहिली होती आणि गाड्या जातानाही. ते ओरडलेच असतील. खाली आरोळ्यांचा नि हसण्याचा गोंगाट होता.

गोपाळकृष्णांनी मला महादेवरावांच्या हाताशी ठेवले आणि लहान मुलासारखे रडले. मग आम्हा काठ्यांना एकत्र बांधून, वर घोंगडी पसरून त्यांना खाली आणले. त्यांनी मला जन्मभरासाठी घेतले होते. तो जन्म असा संपला.

देवश्री पुढे इंदूबाईंना भेटायला आली. तिला मान वर करवत नव्हती. इंदूबाईंनी तिला जवळ घेतले. "तुयी काय चूक वो माय? त्यायनंच देल्ली ना काठी? त्यायचा सभावच तसा होता." एवढे बोलून त्या पदरात तोंड लपवून खूप वेळ रडत राहिल्या.

यंदाच्या पौषात कंपू पुन्हा त्या डोंगरावर गेला. देवश्रीने मला इंदूबाईंकडून मागून नेले. उतरल्यावर मोहाला कुणीही काठी टेकवली नाही. गोपाळकृष्णांनी एकेकाचे नाव घेतले आणि ज्याने त्याने समोर येऊन ओ दिली. सगळ्यात शेवटी सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "महादेवराव?"

देवश्रीने मला घट्ट धरले. गाडीत बसायला कितीतरी वेळ कुणाचे पाऊल उचलेना.

मित्रांनो, मला आता कोपऱ्यातच राहू द्या, माझी तक्रार नाही. फक्त एवढे ऐका. कुठेही एकत्र गेलात, तर निघताना प्रत्येकाला नावाने हाक मारा. ओ ऐकू आली नाही, तर गाडी सोडू नका.