आरोपीच्या मनातलं

“खुनी कोण ते कळलं तरी तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांचं वाचून होऊ दे.”

आई हे दर ईस्टरला बजावायची, संत्री सोलता सोलता. ईस्टरच्या सुट्टीत आमच्या नॉर्वेत सगळा देश खुनाच्या कादंबऱ्या वाचतो. दुधाच्या खोक्यावरसुद्धा एखाद्या चित्रकथेतलं प्रेत छापलेलं असतं. डोंगरातल्या आमच्या लाकडी घराच्या उन्हातल्या भिंतीला टेकून मी आणि माझा धाकटा भाऊ स्टाइनार एकच पुस्तक आळीपाळीने वाचायचो. खुनी बहुतेक वेळा तोच आधी ओळखायचा आणि खरंच गप्प बसायचा. नुसते कान लाल व्हायचे त्याचे.

आता स्टाइनार तुरुंगात आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या गावातलं होडीघर जळालं, आत झोपलेला म्हातारा रखवालदार गेला. त्याच्याशी स्टाइनारचं भांडण झालं होतं, आणि ते साऱ्या गावाने ऐकलं होतं. “मी घरी झोपलो होतो,” एवढंच तो कोर्टात बोलला. आजही एवढंच बोलतो. तो झोपला होता हे बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्याचा शब्द खरा मानला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं की काहीतरी उसवेल, असं वाटायचं.

वाचनाची रीत मात्र आम्ही मोडली नाही. टोर्गुन व्हासलिडचं नवं पुस्तक आधी मी वाचते आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या भेटीला, त्याच्यासाठी नेते. आम्हा दोघांची ती लाडकी लेखिका. तिच्या गोष्टींतला फौजदार पुराव्याशिवाय कुणाकडे बोट दाखवायचा नाही. खुनी पहिल्यापासून आपल्या डोळ्यांसमोर वावरत असायचा. दिसला नाही तर आंधळे आपणच. “ही बाई न्यायाधीश हवी होती,” असं स्टाइनार एकदा म्हणाला होता.

यंदा तिने फौजदाराला घरी बसवून कोर्टातली गोष्ट लिहिली. गुड फ्रायडेच्या सकाळी डोंगरातल्या त्या घरी मी रोजचा बायबलचा अध्याय संपवला आणि राहिलेली पानं वाचायला घेतली.

“आधी देव, मग प्रेत,” स्कीला मेण लावता लावता माझा नवरा कोरे पुटपुटला.

गोष्टीत बायकोच्या खुनाचा आरोप असलेला एक सुतार होता आणि त्याची तरुण वकीलबाई. सुतार म्हणतो, मी होडीत झोपलो होतो. नुसता म्हणत नाही; टोर्गुन आपल्याला त्याच्या मनात नेते. कोठडीत एकटा असताना तो विचार करतो, की मी झोपलो नसतो तर ती वाचली असती. ते वाचून मी रडले होते. वकीलबाई त्याला सोडवते. शेवटच्या पानावर तो गाडीत बसतो, आरशात बघून हसतो, आणि कळतं की खून त्यानेच केला. तो झोपलाच नव्हता.

मी मागची पानं पुन्हा काढून बघितली. कोठडीत तो एकटाच होता. ऐकायला कुणी नाही. मग तो मनातल्या मनात खोटं कुणाला सांगत होता?

मला. दुसरं कोण होतं तिथे?

“काय झालं गं?” कोरेने विचारलं. “चेहरा असा का?”

“टोर्गुनने फसवलं.”

“अगं, फसवायचेच पैसे घेते ना ती!”

“आरोपीने खोटं बोलावं, साक्षीदाराने बोलावं. माणसाच्या मनातलं सांगताना तिने खोटं बोलावं?”

कोरे जरा गंभीर झाला. त्याला कळलं मी कुणाचा विचार करतेय ते. “स्टाइनारला नको नेऊस हे,” तो म्हणाला. “दुकानात संपलं म्हणून सांग.”

“मी खोटं नाही बोलणार.”

“मग शेवटची पानं फाड. कुणी विचारलं तर उंदरावर घाल.”

मला हसू आलं नाही. सुताराचं ते हसू डोळ्यांपुढून जात नव्हतं, आणि किती झटकलं तरी त्याचा चेहरा माझ्या भावाचा होत होता.

दुपारी स्टाइनारचा फोन आला.

“काय गुनवोरबाई! कोण मेलं यंदा?”

“एक बाई.”

“आणि नवरा धरला गेला. बरोबर? बिचारे नवरे. सुटतो का तो? नको, नको सांगूस! वकील बरा आहे ना? माझ्या वकिलासारखा जांभया देणारा नाही ना?”

तो हसला. मी नेहमी त्याच्यासोबत हसते.

“स्टाइनार,” मी म्हटलं, “त्या रात्री तू खरंच झोपला होतास?”

पलीकडून फक्त कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता.

“आठ वर्षं विचारलं नाहीस,” तो शेवटी म्हणाला. “गावाने विचारलं, पोलिसांनी विचारलं, पाद्रीबाबांनीसुद्धा विचारलं. तू एकटीच राहिली होतीस.”

“चुकलं माझं.”

“पुस्तकात तसं आहे होय? नवऱ्यानेच केलंय?”

आई सांगायची तसं मला गप्प बसता आलं असतं. पण त्या गप्प बसण्याचाही अर्थ त्याला कळला असता.

“हो,” मी म्हटलं. “त्यानेच.”

“बघ. टोर्गुनलासुद्धा आमच्यासारखे आवडेनासे झाले. मी झोपलो होतो, गुनवोर. पण हे मी आधीही असंच म्हणत होतो ना? शब्द तेच आहेत. आज तुला वेगळे ऐकू आले, त्याला मी काय करू?”

तो खरं बोलतोय असं मला वाटलं, आणि ‘वाटलं’ हा शब्द त्याच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा वापरत होते. ते एका बाईने एका पानात केलं होतं.

“आता नको असेल तुला पुस्तक,” मी म्हटलं.

“का नको? मला बघायचंय तिने असं काय लिहिलं, की माझी बहीण डगमगली. तूच घेऊन ये. टपालाने पाठवू नकोस. आणि ते शेवटचं पान माझ्यासमोर बसून वाच, मोठ्याने. तेव्हा माझ्याकडे बघ. मग काय ते ठरव.”

“येते.”

“शब्द?”

“शब्द.”

शनिवारी उजाडताच मी उठले. रोजचा अध्याय वाचला, पण डोळे ओळींवरून नुसते फिरले. कोरे घोरत होता. मी पुस्तक पिशवीत घातलं, बूट हातात घेऊन बाहेर आले, पायरीवर बसून चढवले आणि गोठलेल्या बर्फावरून खालच्या वळणाकडे, बसच्या वाटेला लागले.