आईची लघवी सुरू झाली तेव्हा

रविवारी सकाळी उत्कर्षा कुंडलला घरी आली, तेव्हा तिची आई लीलाबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. उचकी थांबत नव्हती. तोंड इतकं सुजलं होतं की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या.

आठवड्यापूर्वी उसात भांगलताना लीलाबाईच्या पायाला घोणस चावली होती. नवऱ्यानं, नाथाजींनी, तिला लगेच दवाखान्यात नेलं. विषावरची इंजेक्शनं झाली, पायाची सूज उतरू लागली. डॉक्टर "अजून राहा" म्हणत होते, पण गोठ्यात म्हैस नुकतीच व्यालेली. लीलाबाई हट्टानं घरी आली. सांगलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या लेकीला ती रोज फोनवर सांगायची, "मी बरी हाय. तू परीक्षेचं बघ."

"आई, लघवीला कवा गेली होतीस?"

लीलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. नाथाजी उठून अंगणात गेले.

"काल सकाळी. घोटभर झाली. काळ्या चहागत."

"आणि आबांना सांगितलं न्हाईस?"

"असलं काय सांगायचं गं गड्यामाणसाला? पानी कमी पितीया, म्हनून हुत आसंल."

बोलताना तिच्या तोंडाला उग्र वास येत होता. उत्कर्षानं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. किडनी बंद पडण्याची कारणं, लक्षणं, टप्पे, सगळं तिनं त्याच महिन्यात घोकलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. ती दारात जाऊन ओरडली, "आबा, गाडी बघा! आत्ताच्या आत्ता!"

सांगलीच्या दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषानं किडनीला मार बसलाय. लघवीवाटे जायचं ते सगळं रक्तात साठलंय. पोटॅशियम तर इतकं वाढलंय की हृदय बंद पडू शकतं." मानेत नळी घालून लगेच डायलिसिस सुरू झालं. रक्त बाहेर काढून, गाळून, परत आत सोडणारं ते यंत्र उत्कर्षानं पूर्वी पाहिलं होतं. त्याला आपली आई जोडलेली ती पहिल्यांदाच बघत होती.

मग दिवसाआड डायलिसिस होऊ लागलं. पाणी मोजून मिळायचं. लीलाबाई ओठ चाटत विनवायची, "आवं, एक तांब्या तरी द्या." नाथाजी खिडकीबाहेर बघत बसायचे. फौजेतला मुलगा वीरधवल तिकडून व्हिडिओ कॉल करायचा आणि आईचा चेहरा दिसला की फोन उत्कर्षाकडं द्यायला सांगायचा.

एका दुपारी लघवीच्या पिशवीत धार सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा पुन्हा ओतून द्यावी लागली. सूज उतरली. नाथाजींनी वॉर्डात पेढे वाटले आणि कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

"सुटलो बाबा. चला घरी."

"आबा, थांबा. किडनी पाणी सोडाय लागली, पण काय ठेवायचं अन् काय टाकायचं, ते तिला अजून कळत न्हाई. अंगातलं सगळं वाहून जाईल. आता उलटा धोका हाय."

"लघवी हुत नव्हती तवा धोका, आता हुतीया तर धोका!" नाथाजी तडकले. "दोन वर्षं शिकलीस, तर आईला हितंच डांबून ठेवतीस व्हय?"

"डांबून न्हाई, आबा. मला भ्या वाटतंय."

"मी डॉक्टरांस्नी इचारतो," म्हणत ते दारापर्यंत गेले. तेवढ्यात लीलाबाई, "भांडू नगा, मी येती," म्हणत खाटेवरून उतरली. पायांनी तिला धरलंच नाही. ती कपड्यागत खाली बसली. उत्कर्षानं तिचं मनगट धरलं. नाडी दोन ठोके देऊन अडखळत होती.

"सिस्टर!"

माणसं धावली. पडदा ओढला गेला. पोटॅशियम यावेळी अगदी खाली आलं होतं. सलाईनमधून ते थेंबाथेंबानं चढवत राहिले. पडद्याबाहेर नाथाजी लेकीचा दंड घट्ट धरून उभे होते.

त्यानंतर त्यांनी घरी जायचं नाव काढलं नाही. दरवेळी लघवीची पिशवी ओतताना किती भरली ते स्वतः बघायचे आणि नर्सबाईंना सांगायचे. तेवढंच पाणी, क्षार भरून काढत हळूहळू लघवी ताळ्यावर आली. मानेतली नळी निघाली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. "डायलिसिस सुटलं, पण किडनी अजून पूर्ण सावरलेली नाही. काही महिने जातील. सगळी भरून येईलच, असं सांगता येत नाही. अंगदुखीची गोळी किडनीला घातक असते, ती मनानं घ्यायची नाही."

महिन्यानं उत्कर्षा पुन्हा घरी आली. अळणी आमटीवरून लीलाबाईनं कुरकुर केली. मग जवळ कोणी नाही असं बघून तिनं हळूच विचारलं, "त्या दिवशी, खाली पडली तवा, मी जानार आसं वाटलं हुतं व्हय तुला?"

उत्कर्षाला खोटं बोलता आलं असतं.

"व्हय," ती म्हणाली.

लीलाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मलाबी," ती म्हणाली. "आन् तवाबी मी तुमाला सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासायला पलूसला जायचं होतं. दोघींनाही रात्री नीट झोप लागली नाही.