खाणीच्या फाईलमधलं वाक्य

औरंगपुऱ्यातल्या युसूफभाईंच्या भाषांतराच्या ऑफिसात सुकेशनी अकरा वर्षं काम करत होती, आणि अकरा वर्षांत तिने एकही अहवाल कोऱ्या फाईलवर सुरू केला नव्हता. कोणी करतही नाही. प्रकल्पांचे अहवाल इथून तिथून सारखेच: धूळ बसवू, झाडं लावू, पोरांना नोकऱ्या देऊ. मग जुनी फाईल उघडायची, गावांची नावं बदलायची, आकडे बदलायचे, वेगळं दिसेल तेवढंच नव्याने लिहायचं. अडीचशे पानं चार दिवसांत हातावेगळी. युसूफभाई तिच्या या सपाट्यावर बेहद्द खूश असत.

समुद्राचं काम आलं तेव्हाही तिने तेच केलं. कोकणच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळातून वाळू उपसायची आणि तिथंच गॅसचा शोध घ्यायचा, असा एका कंपनीचा बेत होता. जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश गावांना मराठीतून द्यावा लागतो. सुकेशनीने कन्नड गावाजवळच्या एका दगडखाणीची फाईल उघडली आणि बोटं चालवायला सुरुवात केली.

सारांशाची पुस्तिका गावांना गेली, सुनावणी झाली, विषय संपला. दीड महिन्याने ऑफिसचा फोन वाजला.

"आमचं पुस्तक तुम्हीच केलंत ना? मागं नंबर आहे." बाईचा आवाज खणखणीत होता. नाव दीपमाला, किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायटीची सचिव. "वकिलांनी इंग्रजी अहवाल धाडलाय. त्यात म्हणे, आमच्याच पाण्यात उपसा आहे आणि चार महिने होड्या बंद. आणि तुमच्या पान एकोणचाळीसवर लिहिलंय, 'प्रकल्पाच्या जागेत मासेमारी करणारे कोणी नाही.' खरं कुठलं?"

"बघून सांगते, ताई," सुकेशनी म्हणाली. खरं तर बघायची काही गरज नव्हती. ते वाक्य तिचंच होतं, चार वर्षांपूर्वी खाणीसाठी लिहिलेलं. त्यात ना गावाचं नाव, ना आकडा. बदलायचं काय काय ते शोधत गेलेली नजर त्याच्यावरून सरळ पुढे सरकली होती. आणि मूळ अहवालातला होड्यांचा परिच्छेद मराठीत आलाच नव्हता.

तिने युसूफभाईंना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कंपनीवाल्यांनी तपासून सही केली ना? मग झालं. हम तो लिखनेवाले हैं. आता कबूल करायला गेलो तर उद्या कोण काम देईल आपल्याला? गप बसा, सुकेशनीताई."

माणूस वाईट नव्हता. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची बायको शमशाद महिनाभर पुंडलिकनगरला तिच्या घरी डबा घेऊन येत होती. अशा माणसाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? सुकेशनीने दीपमालाला फोन लावला आणि सांगितलं, "ती फाईलच उडाली ताई, आता काय सांगता येत नाय." आवाज जरासुद्धा कापला नाही, याचंच तिला नंतर जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर घास गोड लागेना. आपण लिहिलेलं खेड्यातल्या माणसालाही कळतं, असं ती चारचौघांत मिरवायची. आता तेच आठवलं की शरमेने मान खाली जायची. भाजी निवडतानाही तिला त्या बंद होड्या दिसत, आणि होडी तर तिने टीव्हीवरच पाहिली होती. नवऱ्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा पित्तावर ढकललं.

शुक्रवारी दीपमालाचा पुन्हा फोन आला. आता ही भांडणार, असं सुकेशनीला वाटलं. पण बाई भांडायला आलीच नव्हती.

"तुम्हाला उगीच त्रास दिला, म्हणून फोन केला. चूक माझीच होती, बाय. तुमचं मराठी इतकं सोपं, मीच देवळासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मीच म्हटलं, कोणी मासे मारत नाही अशी जागा म्हणजे लांब खोल समुद्रातली असणार, आपली नव्हे. ऐन हंगामात सुनावणीसाठी एक दिवस कशाला बुडवायचा? जा होड्या घेऊन. सुनावणीला सात माणसं होती. कंपनीने लिहून घेतलं, गावाची हरकत नाही." ती जरा थांबली. "आज सभा बसलीय, मला काढायला. इंग्रजी अहवाल आल्यापासून नवरा बोलत नाही माझ्याशी. मला वाचायलाच येत नसेल, दुसरं काय!"

सुकेशनी खुर्चीवरून उठली. समोर युसूफभाई बसले होते. त्यांच्याकडे बघितलं असतं तर तिच्या तोंडून पुन्हा खोटंच निघालं असतं, म्हणून तिने खिडकीकडे तोंड केलं.

"ताई, तुम्हाला वाचता येतं. लिहिणारीनंच चुकीचं लिहिलं. ते वाक्य दुसऱ्याच कामाचं होतं, मी काढायचं विसरले. फाईल उडाली म्हणाले तेबी खोटं. लई मोठा गुन्हा झाला माझ्या हातून."

पलीकडून सभेतल्या कोणाला तरी 'जरा थांबा' म्हटल्याचं ऐकू आलं. मग दीपमाला म्हणाली, "हे मला एकटीला नको सांगू. स्पीकरवर टाकते. गावाला सांग."

खुर्च्या सरकल्याचा, माणसं जवळ आल्याचा आवाज आला. सुकेशनीने आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. वकील तिथंच होते. त्यांनी विचारलं, हे प्रतिज्ञापत्रावर द्याल का, सुनावणी पुन्हा घ्या असं त्यावर मागता येईल. ती म्हणाली, "व्हय, देते. सोमवारी नोटरी करून धाडते."

मागे युसूफभाई उठले आणि बाहेर निघून गेले. पायताणांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

तेवढ्यात एक म्हातारा आवाज फोनजवळ आला. रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "पण पोरी, कोणी नाही असं लिवलंस कसं?"

"आजोबा, तिथं खाणीपाशी एक ओढा होता. दिवाळीलाच आटतो. तिथं खरंच कोणी नव्हतं."

"असेल," म्हातारा म्हणाला. "पण इथं आम्ही होतो ना."