निळ्या डब्यातली पावडर

सासूबाई गेल्या तेव्हा आमचं भांडण अर्धवटच राहिलं. चौदा वर्षं चाललेलं भांडण, आणि कशावरून, तर कपडे धुवायच्या पावडरीवरून. हसू नका. कपडे धुणं हा माझा धंदा आहे. पुढच्या खोलीत दोन मशीन, मागे सहा तारा, आणि दातांच्या दोन दवाखान्यांचे नि एका पार्लरचे टॉवेल, ॲप्रन रोज माझ्याकडे येतात. पावडरीतलं मला कळतं. सासूबाई मात्र घरचे कपडे माझ्या मशीनला लावूच द्यायच्या नाहीत. त्यांचा एक निळा पत्र्याचा डबा होता, कुठल्याशा महागड्या कंपनीचा, आणि घरच्या कपड्यांना फक्त त्यातली पावडर लागायची. मी म्हणायचे, "आई, तुम्ही नुसते डब्याचे पैसे देताय." त्या म्हणायच्या, "तू फेसावर भाळतेस." फेसावर? मी? फेस म्हणजे सफाई नव्हे, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजलीय.

असो. त्या गेल्या आणि घरात राहिलो मी आणि माझे सासरे. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपासून त्यांचं डोकं साथ देईनासं झालं होतं, पण सासूबाई होत्या तोवर त्यांनी ते आम्हाला जाणवू दिलं नाही. त्या गेल्यावर बाबांनी जेवण सोडलं. हट्ट म्हणून नाही हो. "ती आली की बसू," असं म्हणायचे आणि दाराकडे बघत राहायचे. पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं. ते ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तसेच रडले, जणू आत्ताच कळलंय. तिसऱ्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवलं.

दर शनिवारी मी त्यांना डॉक्टरांकडे वजनाला न्यायची. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "दोन आठवडे बघू. वजन आणखी उतरलं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. असे पेशंट नळी ओढून काढतात, मग हात बांधून ठेवतात. मनाची तयारी करा." मी घरी येऊन बाबांचे हात बघत बसले. केसाएवढे स्क्रू बसवणारे हात ते, अजूनही जराही थरथरत नव्हते. ते पलंगाला बांधणार म्हणे. माझा नुसता संताप संताप झाला, पण तो काढू कुणावर?

धंद्याला मात्र कुणाच्या दुखण्याचं काही पडलेलं नसतं. त्याच आठवड्यात माझी नेहमीची पावडर महागली आणि दोन्ही दवाखान्यांनी दर वाढवायला साफ नकार दिला. स्वस्त आणि तरी डाग काढणारी पावडर शोधणं भाग होतं. मी जाहिराती बघत नाही, माझी रीत वेगळी आहे. एकाच जुन्या चादरीचे सारखे तुकडे कापायचे. प्रत्येकावर तोच डाग त्याच मापाने पाडायचा: चहा, केसांचं तेल, अंड्याचा बलक, बॉलपेनची शाई. कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी मारायच्या, पहिल्या पावडरीला एक, दुसरीला दोन, म्हणजे ओल्या ढिगातही बोटांना नंबर कळतो. पाणी तेच, चमचा तोच, भिजवायचा वेळ तोच. आणि निकाल वाळल्यावरच बघायचा, कारण ओलं कापड खोटं बोलतं.

चार पावडरी आणल्या होत्या. पाचवी घेतली ती सासूबाईंच्या निळ्या डब्यातली. खरं सांगू? निव्वळ खुन्नस म्हणून. डब्यात बोटभर उरली होती. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे.

दुपारी तुकडे वाळले. दोन गाठींची पावडर पास, आणि ती स्वस्तही होती. पाच गाठींचा तुकडा सगळ्यांत वाईट. चहा तसाच, तेल तसंच, शाई तर पसरून निळं थारोळं झालेलं. "बघा!" मी मोठ्याने म्हणाले. "बघितलंत? चौदा वर्षं सांगत होते." तारांखाली मी एकटीच उभी होते. जिंकले आणि सांगायला माणूस नाही, असली फजिती माझी कधी झाली नव्हती. बादलीत निळ्या डब्यातल्या पावडरीचं पाणी उरलं होतं. ओतून टाकायचं जिवावर आलं, म्हणून बाबांची चादर नि उशीचा अभ्रा त्यात बुचकळून काढला.

संध्याकाळी ती चादर घातली, बाबांना आडवं केलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. मागून हाक आली, "अगं, ऐकलंस का?"

मला बाबा 'सूनबाई' म्हणतात. 'अगं ऐकलंस का' ही हाक या घरात एकाच बाईची होती. मी दारात जाऊन उभी राहिले. बाबा कुशीवर होते, नाक उशीत खुपसलेलं, डोळे मिटलेले. "किती वेळ लावलास," ते म्हणाले, "भूक लागलीय मला." आणि तेव्हा मलाही तो वास आला. त्या वासाला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. सासूबाई जवळून गेल्या की यायचा, तोच. इतका जवळून आला की मी मागे वळून बघितलं. खोटं नाही सांगत, मागे कुणी उभं असेल याची माझी खात्री होती.

बाबांनी एक अंडं आणि दोन पाव खाल्ले. घास मी भरवत होते, पण बाबा बोलत होते ते माझ्या खांद्याच्या जरा वर बघून. कुठल्याशा घड्याळाची स्प्रिंग मिळत नाही म्हणून तक्रार करत होते. मध्येच थांबायचे, कुणी उत्तर देतंय तसं ऐकायचे आणि हसायचे.

मग रोज तेच. डब्यातली चिमूट चिमूट पावडर घेऊन मी फक्त अभ्रा धुवायची, आणि बाबा जेवायचे. पण वास अभ्र्यापुरता थांबला नाही. जिन्यात यायला लागला, तारांखाली यायला लागला. एकदा ओला अभ्रा पिळत होते आणि पलीकडचं टोक कुणीतरी धरलंय असं वाटलं, दोघी मिळून चादर पिळायचो ना, तसं. मी तो सोडून घरात पळाले. चाळिशी उलटलेली बाई मी, भर सकाळी, उन्हात! नंतर लाज वाटली. परत गेले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, ते जेवतायत. राहा तुम्ही. फक्त मला असं घाबरवू नका."

शनिवारी वजन पावशेरानं वाढलेलं निघालं. आणि त्याच दिवशी डबा संपला.

डबा पिशवीत घालून मी किराणावाल्याकडे गेले. म्हटलं, होऊ दे खर्च. म्हातारा किराणावाला, सासूबाईंना तीस वर्षं ओळखणारा. त्याने डबा उलटासुलटा केला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वेडीच. "ही कंपनी बंद होऊन वीस वर्षं होतील, बाई."

"मग आई काय न्यायच्या?"

त्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. खुली पावडर. दुकानातली सगळ्यांत स्वस्त. लोक तिने फरश्या धुतात. "आणि वर त्या साबणाचे तुकडे किसून घालायच्या," तो म्हणाला. "अंघोळीच्या साबणाच्या उरतात ना चिपा, घरातल्या सगळ्यांच्या. वाया जाऊ द्यायच्या नाहीत. मला म्हणायच्या, सुनेला सांगू नका हं, तिच्यापुढे माझा डबा महागडाच राहू दे."

काय म्हणायचं या बाईला! चौदा वर्षं मी एका रिकाम्या डब्याशी भांडले. दुकानातच मला हसू फुटलं, आणि हसता हसता नाक वाहायला लागलं. माझ्याही साबणाच्या चिपा असणार त्यात. रोज न्हाणीघरातून गुपचूप उचलत होत्या आणि मला पत्ता नाही.

तर, पाच किलो खुली पावडर घेतली. त्या वापरायच्या तोच गुलाबी साबण घेतला, माझा घेतला, नवऱ्याचा घेतला. किसले, उन्हात वाळवले, मिसळले. पहिल्या दोन खेपा चुकल्या, बाबांनी अभ्रा हुंगून बाजूला सारला. तिसरी बरोबर जमली. झाकण उघडलं आणि मी स्वतःच डोक्यावरचा पदर सावरल्यासारखा हात वर नेला.

मग मी अतिशहाणपणा केला. म्हटलं, उशीतून एवढं होतंय तर पुरतंच करावं. बाबांचे सगळे कपडे त्यात धुतले, पडदे धुतले, आणि शेवटी माझेही. दवाखान्याच्या टॉवेलांना दोन गाठींची पावडर, घराला डब्यातली. बाबा आता माझ्या खांद्यावरून बघेनात. सरळ माझ्याकडे बघायला लागले. "अगं, चष्मा कुठे ठेवलास माझा?" मी एकदा 'बाबा' म्हणाले तर केविलवाणे झाले. मग मी 'अहो' म्हणाले. पहिल्यांदा तो शब्द अर्धाच बाहेर पडला. चौथ्या दिवशी सहज निघाला.

"अहो, हात धुतलेत का? अहो, गार होतंय." सासूबाईंचेच शब्द, त्यांचाच ठसका. मी ठरवून करत नव्हते. नवरा खेप संपवून आला तो दारातच थबकला. बूटसुद्धा काढले नाहीत. "तू आत्ता खोकलीस?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "पुन्हा नको खोकूस तशी, आईसारखी," असं म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपला, दोन दिवस तिथेच झोपला आणि ठरलेल्या दिवसाआधीच पुढच्या खेपेला निघून गेला. मला राग आला. एवढं कुणासाठी चाललंय? बापासाठीच ना त्याच्या? दोन शनिवारांत वजन दोन किलोंनी वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" नळीचं नाव निघालं नाही. त्या रात्री मी चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले.

मग तो सोमवार आला. दुपारी बाबांचं नि माझं अशी दोन ताटं वाढली आणि हाक मारली, तर ते दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. बाहेर बघत.

"अहो, चला. जेवायचं ना?"

"ती कुठाय?"

मला वाटलं, उतरला सगळा परिणाम, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी जवळ जाऊन बसले, बाही त्यांच्या नाकाशी येईल अशी. "मी इथेच आहे की."

"तू आहेस गं," ते जरा चिडून म्हणाले. "सूनबाई कुठाय? आठ दिवस झाले, दिसली नाही."

ते वाकले, माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांग. गेली का ती? मी विसरतो म्हणून तुम्ही मला सांगत नाही. तिचा आवाज येत नाही घरात. मशीन चालतं, पण ती ओरडत नाही कुणावर."

"नाही हो," मी म्हणाले. "आहे ती."

"चांगली पोर होती," बाबा म्हणाले. "तोंडाची तिखट. मी कधी तिला एका शब्दाने म्हटलं नाही, की बाई, तू आहेस म्हणून हे घर चाललंय. तूही नाही म्हटलंस. नुसती भांडत राहिलीस तिच्याशी." आणि ते रडायला लागले. तस्सेच, ढसाढसा. माझ्यासाठी. माझ्याच मांडीवर डोकं ठेवून.

'बाबा, मी इथेच आहे हो,' हे ओठांवर आलं होतं. पण ते म्हटलं तर त्यांची ही बायको पुसली जाणार, आणि ही गेली की घास जाणार, नळी येणार, हात बांधणार. मी त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाले, "येईल ती. कामाला गेलीय. तुम्ही चला, दोन घास खा."

"मग तिचंही वाढ," ते म्हणाले. "ती आल्याशिवाय मी जेवायचा नाही."

मी तिसरं ताट घेतलं. वाढलं. हात धुवून आले, आणि काय करावं ते न सुचून, समोर दिसलं त्या तिसऱ्या, सूनबाईच्या म्हणजे माझ्याच ताटावर जाऊन बसले. बाबांनी हात पुढे करून मला अडवलं.

"अगं, तिथे नको बसूस," ते हळूच म्हणाले. "ते तिचं आहे."