पिपाणीच्या कोटाची काजं

मास्तरांना बायकोचा संशय आला तो काजावरून. कुणाला चिठ्ठीवरून येतो, कुणाला फोनवरून, कुणाला नुसत्या हसण्यावरून; ज्याचा त्याचा धंदा. मास्तर शिंपी होते. माणसाचे खांदे बघून त्याचं घरी पटतं की नाही हे ते सांगायचे आणि पुष्कळदा ते खरंही निघायचं. मात्र स्वतःचे खांदे कुणाला दिसतात?

दुकान पुढच्या खोलीत, संसार मागच्या खोलीत, मधे उरलेल्या अस्तराचा पडदा. कापड बेतणं, मशीन चालवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हे मास्तरांचं काम. तुरपाई, बटणं आणि काजं हे मास्तरीणबाईंचं. त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत, दोऱ्याला मेण लावत, कोटाला जिथे बटण अडकवायचं तिथे चीर देत आणि चिरेच्या कडेनं टाके घालत जात. प्रत्येक टाक्याला एक बारीक गाठ, गाठीला गाठ लागून. त्या दुकानात काज मशीनवर कधी झालं नाही. याचा मास्तरांना फार अभिमान होता आणि गिऱ्हाइकांनी कौतुक केलं की "आमच्याकडचं काम आहे साहेब," असं म्हणून ते कौतुक स्वतःच्या खिशात घालत.

पिपाणी हे, ज्याच्या कोटावरून हे सगळं झालं, त्या गिऱ्हाइकाचं खरं नाव नव्हे. तो एका वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा, म्हणून मास्तरांनी ते ठेवलेलं. बुटका, टक्कल पडलेला, गाल सुटलेले. माप देताना दोन्ही हात वर करून वाजवल्याचं सोंग करायचा आणि "इथे काखेत ओढतंय" म्हणायचा. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे स्वतःचीच किंमत कमी करून घेणं. पण हेवा तराजू घेऊन बसत नाही.

झालं असं, की पिपाणीचा करडा कोट तयार झाला आणि मास्तर त्याला शेवटची इस्त्री करत होते. कोट उलटा करून पुढची बाजू फळीवर पसरली आणि त्यांचा हात थांबला. काजं बघून. असली काजं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. टाके इतके सारखे, गाठी इतक्या घट्ट, टोकाला घातलेला आडवा टाका इतका नेटका, की इस्त्री लावायचीसुद्धा भीती वाटावी. त्यांनी काज खिडकीकडे नेऊन पाहिलं, भिंगातून पाहिलं. मग आत जाऊन पेटी उघडली आणि स्वतःचा लग्नातला कोट काढला. तीही काजं तिनंच केली होती, लग्न ठरलं तेव्हा. टाके विरळ, एका जागी दोरा चुकलेला.

म्हणजे नवऱ्याच्या कोटाला चुकलेला दोरा आणि ह्या पिपाणीच्या कोटाला हा जीव! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आज काजं फार मन लावून केलीस," जेवताना ते म्हणाले.

"रोजच करते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

डोळे वर उचलले नाहीत, हे मास्तरांनी टिपून ठेवलं. डोळे वर उचलले असते तर तेही टिपून ठेवलंच असतं.

तिथून मास्तरांच्या मानगुटीवर जे भूत बसलं, ते उतरेना. सकाळी दाढी करताना डोक्यात काजं, कापडावर खडू ओढताना काजं. पिपाणी कोट न्यायला आला तेव्हा पडद्याआड उभं राहून ते डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. पिपाणी म्हणाला, "छान." बाई म्हणाल्या, "मापात बसला ना?" एवढंच. पण 'छान' हा शब्द कोटाला उद्देशून होता की कोट देणाऱ्या हातांना, यावर मास्तरांनी अख्खी दुपार घालवली. त्या दुपारी त्यांनी एका लग्नाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या.

त्या बाह्या सापडल्या त्यांच्या धाकट्या बहिणीला. ती शेजारच्या गल्लीत राहायची, अधूनमधून चहाला यायची. तिनं दोन्ही बाह्या समोर धरल्या आणि विचारलं, "दादा, हा नवरदेव एकाच बाजूचा आहे का रे?"

वहिनी बाजारात गेली होती. मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. बहीण ऐकत राहिली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की कपातला चहा बशीत आला.

"काजांवरून?"

"तुला नाही कळायचं. हात खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, हात नाही."

"दादा, डोक्यावर पडलास का तू? अरे, त्या माणसाला मान नाही, कंबर नाही! आणि समजा वहिनीनं केली असतील चांगली काजं. चांगलं काम केलं म्हणून बायकोवर संशय घेणारा नवरा मी तरी ऐकला नाही बाई."

"चांगलं केलं म्हणून नाही. त्याच्याचसाठी चांगलं केलं म्हणून."

"मग तिला विचार ना सरळ."

हे मात्र मास्तरांना जमण्यासारखं नव्हतं. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? नाहीतर हसली तर? हसण्याची भीती जास्त होती. तरुणपणी ती त्यांच्याकडे बघून हसायची, ते हसू कधी बंद झालं हे त्यांना आठवत नव्हतं. आणि आता ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेलंय, हा विचार त्यांना जेवू देत नव्हता. बायको जाईल, ही एकच धास्ती होती. ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही, स्वतःजवळसुद्धा नाही.

विचारण्याऐवजी त्यांनी सापळा लावला. पिपाणीनं मोठ्या कार्यक्रमासाठी काळा कोट शिवायला टाकला होता. त्याच सुमारास एका वकिलानंही काळाच कोट टाकलेला, आणि वकीलही तसाच बुटका. मास्तरांनी पिपाणीचा कोट बायकोच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, "हा वकिलाचा. घाई नाही."

विचार असा, की वकिलाचा म्हटल्यावर ती हात राखून काम करेल आणि चोरी उघडी पडेल. संध्याकाळी कोट हातात आला. काजं तशीच! एकही गाठ इकडची तिकडे नाही.

शहाणा माणूस इथे म्हणाला असता, चला, बरं झालं, बायको सगळ्यांसाठीच असं काम करते. मास्तर फळीला टेकून बसले आणि पुटपुटले, "ओळखला! नुसत्या हातानं ओळखला तिनं त्याचा कोट." काजं वाईट निघाली असती तर म्हणाले असते, मुद्दाम वाईट केली. कावीळ झाल्यावर पांढरं काही उरतच नाही. वकिलाचा खरा कोट समोरच टांगलेला होता, कुणाचा हे न विचारताच तिनं काजं करून ठेवलेला. तो उलटून पाहावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाई भाजी आणायला गेल्या. मास्तरांनी दाराला आतून कडी घातली, पिपाणीचा कोट फळीवर पसरला आणि ब्लेड घेतलं. एक काज उसवायचं ठरवलं होतं, नुसतं बघायला. गाठ तुटली तशी छातीत गार वाटलं. म्हणून दुसरं. दुसऱ्यानंतर थांबण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या काजाला ब्लेड कापडात घुसलं आणि चीर वाकडी वाढली.

बाई परत आल्या तेव्हा फळीवर काळ्या दोऱ्याच्या कातरणाचा ढीग होता आणि मास्तर ब्लेड हातात धरून उभे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कोट उचलला, एकेका चिरेतून बोट घालून पाहिलं.

"हे काय केलंत?"

"तूच सांग काय केलंस ते!" मास्तरांचा बांध फुटला. "त्या पिपाणीसाठी एवढा जीव? माझ्या लग्नाच्या कोटाला दोरा चुकला होता तुझा, आहे लक्षात? आणि ह्याच्या कोटाला बघ! काय आहे तुमच्यात?"

बाईंनी कोट परत फळीवर ठेवला. हसल्या नाहीत.

"त्यांचा पहिला कोट कच्च्या टाक्यांवर होता तेव्हाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "तुम्ही टाचण्या आणायला आत गेला होतात. ह्या इथे दुसऱ्याच कुणाचा तरी कोट लटकला होता. तो त्यांनी उलटून पाहिला आणि विचारलं, ही काजं कोणी केली? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, वा. झालं. एवढंच आहे आमच्यात."

"एवढ्यावरून—"

"हो, एवढ्यावरून. एवढं इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारायच्या आत तुम्ही 'आमच्याकडचं काम' म्हणून मोकळे. मला बरं वाटलं. मग म्हटलं, कुणीतरी बघतंय तर नीट करू या. तेव्हापासून प्रत्येक काज तसंच करते. वकिलाचं बघा. त्या दोन डाव्या बाह्यांच्या नवरदेवाचं बघा." त्यांनी बोट पुढे करून मास्तरांच्या जाकिटाला लावलं. "हे बघा. जुनी काजं फसकली होती म्हणून मागच्या महिन्यात उसवून नवी केली. रोज सकाळी स्वतःच्या हातांनी बटणं लावता. दिसली नाहीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. पोटावर ओळीनं काजं होती. टाके सारखे, गाठी घट्ट, टोकाला नेटका आडवा टाका. काखेत कळसा म्हणतात तो हा. त्यांना खाली बसावंसं वाटलं, पण फळीवर कोट होता आणि खुर्ची बाईंची होती.

"चुकलो," ते म्हणाले. "अगं, खरंच चुकलो. आता पटकन करून टाक ना पुन्हा. संध्याकाळी तो न्यायला येईल."

खरं तर इथे त्यांनी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

"तुम्ही करा," बाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला आत गेल्या.

मास्तरांनी केली. कात्रीवर राज्य करणारा माणूस, पण हातानं काज करायची सवय केव्हाच गेली होती. दोऱ्याचा गुंता झाला, बोटाला सुई टोचली, आणि जे झालं ते उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. पिपाणी आला तो घाईतच. त्यानं कोट अंगात घातला, बटणं लावायला गेला आणि थबकला.

"ही काजं..."

"तुमची मी केली होती," पडदा बाजूला सारून बाई म्हणाल्या. "मास्तरांनी उसवली. ही त्यांनी केलेली."

पिपाणीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेप गुंडाळत होते. गुंडाळून झाला तो सोडून पुन्हा गुंडाळायला लागले.

"असू द्या," पिपाणी म्हणाला. "नाहीतरी फुंकताना पोट सुटतंच, बटणं न लावताच वाजवतो." मग बाईंकडे वळून म्हणाला, "सवडीनं पुन्हा करून द्याल का?"

"देईन," बाई म्हणाल्या. "पण इथे नाही."

त्याचं वागणं इतकं सरळ होतं, की मास्तरांना त्याचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

बाईंनी घर सोडलं नाही, दुकान सोडलं. चौकातल्या मोठ्या शिवणघराच्या मालकानं नणंदेकरवी कामाला या असा निरोप कधीचा धाडला होता, तो आता त्यांनी मनावर घेतला. सकाळी डबा भरायच्या, मास्तरांचा झाकून ठेवायच्या, स्वतःचा घेऊन निघायच्या. संध्याकाळी यायच्या, दमलेल्या आणि बऱ्यापैकी खुशीत. बोलायच्या, वाढायच्या, आजारपण काढायच्या. फक्त सुई घरात धरली नाही. मास्तरांच्या जाकिटाचं बटण तुटलं तेव्हा त्यांनी दोऱ्याचं रीळ आणून समोर ठेवलं आणि त्या झोपायला गेल्या. मास्तर काजं बाहेरून मशीनवर करून आणू लागले. आता हेवा कुणाचा करायचा हाच प्रश्न होता, कारण रस्त्यानं येणारा जाणारा प्रत्येक कोटवाला त्यांच्या बायकोचे टाके छातीवर मिरवत असणार असं त्यांना वाटायचं. बोलता बोलता समोरच्याच्या छातीकडे बघायची सवय लागली. लोक आधी गुंड्या तपासायचे, मग मास्तरांना टाळायचे.

एकदा एक उंच गृहस्थ पँट आखूड करून घ्यायला आला. अंगात नवा कोट. मास्तर टाचण्या घेऊन उठले ते थेट कोटाशीच आले आणि बोलता बोलता त्यांनी पुढची बाजू चिमटीत धरली.

"चांगलंय ना?" गृहस्थ खुशीत म्हणाला. "चौकातल्या शिवणघरातलं. तिथे एक बाई आहेत, खास त्यांच्याकडून काजं करून घ्यावी लागतात. रांग असते."

"बायको आहे माझी," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अभिमानानं म्हटलं.

गृहस्थानं दुकानात टांगलेले कोट पाहिले, मास्तरांकडे पाहिलं आणि तो हसला. "काय सांगता! मग मास्तर, तुमच्याकडे मशीनची काजं कशी?"

"कारण मी गाढव आहे," मास्तर म्हणाले.

ते अगदी मनापासून म्हणाले. गृहस्थ मोठ्यानं हसला, मास्तरही थोडे हसले, आणि क्षणभर त्यांना फार हलकं वाटलं. मग ते पँटचं माप घ्यायला वाकणार, तोच त्यांची नजर पुन्हा त्या कोटावर गेली. मधल्या काजाच्या गाठी जरा जास्तच घट्ट नव्हत्या का? बाकीच्यांपेक्षा? त्यांनी भिंग शोधायला फळीवर हात फिरवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कोट न्यायला गेलात तेव्हा त्या काही बोलल्या का तुमच्याशी?"